संकल्पात काय सांगावे?

मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह बसला की अलीकडे संकल्प सांगताना एक शब्द हमखास कानावर येतो : नीट. पूर्वी संतती, आजारपण, कोर्टकचेरी असे. आता नातवाचे मार्क. आपल्या परभणी, सेलू, गंगाखेडची लेकरे अकरावीपासूनच लातूर-नांदेडच्या क्लासला जातात. खोली, मेस, टेस्टवर टेस्ट. रिपीटर असला तर अजून एक वर्ष. रान विकून फी भरणारेही आहेत. मग घरच्यांनी पोथी उघडली तर नवल काय?

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. 2024 साली नीटला 23 लाखांहून अधिक मुले बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्या आत होत्या. परभणीत 2023 पासून शासकीय मेडिकल कॉलेज झाले, तिथे जागा 100. म्हणजे "महाराज, माझ्या नातवाला सीट द्या" याचा सरळ अर्थ, दुसऱ्या कुणाच्या नातवाला देऊ नका. त्याच्याही घरी सप्ताह बसलेला असेल. महाराजांनी कुणाचे ऐकावे?

मागणे वाईट, असे मी म्हणणार नाही. गुरुचरित्र ही मागणाऱ्यांचीच पोथी आहे. साठीच्या गंगाबाईला लेकरू झाले, गाणगापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या वांझ म्हशीने दूध दिले. पण बघा, त्या म्हशीने दूध दिले म्हणून शेजाऱ्याची म्हैस आटली नाही.

आठव्या अध्यायातली अंबिका तर आजच्या कुठल्याही आईसारखी. मुलगा मंदमती, लोक नावे ठेवतात, म्हणून दोघे कुरवपूरला नदीत जीव द्यायला निघाली. श्रीपाद श्रीवल्लभांनी आधी त्यांना अडवले. विद्या नंतर. हा क्रम क्लास लावणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा. आणि दिली ती विद्या, नंबर नव्हे.

एका ताईंनी मला बरोबर पकडले. म्हणाल्या, "काका, फी भरली तेव्हाच कुणाला तरी मागं सारलं की आपण. मग पोथीच्याच वेळी एवढा विचार कशाला?" बोलणे खरे आहे. ज्याच्या बापाकडे फी नाही, तो त्याच दिवशी दहा पावले मागे पडला. पण ही स्पर्धा माणसांनी मांडलेली. तिच्यात उतरणे आपल्याला भाग असेल. देवाला आपल्या बाजूने उतरवणे भाग नाही.

अभ्यासात मन लागो, पेपरात घाबरायला होऊ नये, प्रकृती राहो, हे खुशाल मागा. अवधूतांच्या चोवीस गुरूंत बाण करणारा आहे. राजाची स्वारी शेजारून गेली तरी त्याला कळली नाही. तसे चित्त मागितले तर कुणाच्या ताटातले जात नाही. त्याच चोवीसांत कपोतही आहे, पिलांच्या मोहाने जाळ्यात गेलेला. तो मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

अजून एक. निकाल लागला की क्लासची ती जाडजूड पुस्तके रद्दीत जातात. ती देवळात आणून ठेवा; पालम-सोनपेठकडची लेकरे घेऊन जातील. पारायणाच्या सांगतेला आपण जे दान करतो, त्यात हे बसते का, तेवढे गुरुजींना विचारून घ्या.