न पडलेल्या विमानांचा हिशेब

शौर्य मोजता येते, अशी माणसाची फार जुनी समजूत आहे. कौरवांचे सेनापतिपद स्वीकारताना भीष्माने रोज दहा हजार योद्धे मारण्याचा आकडा सांगितला, आणि तो ऐकून दुर्योधनाला धीर आला. विसाव्या शतकात माणूस आकाशात लढू लागला, तेव्हा ही मोजदादही त्याने बरोबर वर नेली. पहिल्या महायुद्धात असा संकेत पडला की, ज्याने शत्रूची पाच विमाने पाडली तो वैमानिकांतला एक्का. आपल्या देशात हा मान इंद्रलाल रॉय या बंगाली तरुणाने मिळवला. १९१८ च्या जुलैत, दोन आठवड्यांच्या आत, त्याच्या नावावर दहा विमाने लागली. आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो स्वतः पडला. त्याचे वय तेव्हा १९ वर्षांचे होते.

एक्का ठरतो तो असा मोजून. परंतु या एक्क्यांपैकी काही जण युद्ध संपल्यावर एका निराळ्याच कामाकडे वळले. कारखान्यातून नवे विमान बाहेर पडते, त्यात अजून कुणी बसलेले नसते, ते कागदावर उत्तम असते. पण कागद हवेत उडून पाहत नाही. ते काम चाचणी-वैमानिकाचे. या कामात मोजण्यासारखे काहीच नसते. विमान नीट उतरले तर त्या दिवशी काही घडलेच नाही, असे जग समजते. मग या दोन कामांतले शौर्य एकच म्हणायचे काय? आणि एक नसेल, तर थोर कोणते?

हा प्रश्न नेव्हिल ड्यूक या इंग्रज वैमानिकाच्या आयुष्याकडे पाहताना मला विशेष बोचतो. त्याचा जन्म १९२२ चा. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटावर आणि पुढे इटलीवर तो लढला; सत्तावीसच्या आसपास विमाने त्याच्या खाती जमा झाली. भूमध्य समुद्राच्या आघाडीवरील ब्रिटिश हवाई दलाच्या सर्वांत मोठ्या एक्क्यांत त्याची गणना होते. तो स्वतःही पाडला गेला. १९४४ मध्ये रोमजवळच्या एका सरोवरात तो हवाई छत्रीने उतरला, बुडता बुडता वाचला, आणि इटालियन गावकऱ्यांनी त्याला लपवून ठेवले. युद्ध संपले तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता. या वयात आपल्याकडची मुले पहिल्या नोकरीचा अर्ज लिहीत असतात.

पुढे तो हॉकर कंपनीत चाचणी-वैमानिक झाला. १९५१ मध्ये तेथील मुख्य चाचणी-वैमानिक ट्रेव्हर वेड, तोही युद्धातला एक्काच, एका चाचणीत मरण पावला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ड्यूक बसला. त्याच वर्षी २० जुलैला त्याने 'हंटर' या नव्या जेट विमानाचे पहिले उड्डाण केले. १९५३ मध्ये त्याच हंटरच्या जातीच्या विमानातून ताशी सुमारे ११७१ किलोमीटर वेग गाठून त्याने जागतिक विक्रमही केला.

परंतु त्याचे नाव ज्या दिवसामुळे लोकांच्या लक्षात राहिले, तो दिवस ६ सप्टेंबर १९५२. फार्नबरो येथे विमानांची जत्रा भरली होती. मुलाबाळांसह हजारो माणसे जमली होती. जॉन डेरी नावाचा वैमानिक आणि त्याचा सहकारी रिचर्ड्‌स हे डी हॅविलंड कंपनीचे नवे विमान घेऊन आले, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत ते विमान हवेतच फुटले. त्याचे एक इंजिन गर्दीवर कोसळले. विमानातले दोघे आणि २९ प्रेक्षक प्राणाला मुकले. त्यानंतर पाळी होती ड्यूकची. जखमींना हलवले गेले, धावपट्टी मोकळी झाली, आणि ड्यूक उडाला. ठरल्याप्रमाणे त्याने हंटर विमान ध्वनीच्या वेगापलीकडे नेले आणि त्याचा गडगडाट मैदानावर उतरला. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान चर्चिल यांनी त्याला गौरवाचे पत्र लिहिले.

आता, हे धैर्य म्हणावे की निबरपणा? आपल्याकडे आळीत मयत झाले तर शेजारची मुले फटाके वाजवीत नाहीत. त्यांना कुणी बजावावे लागत नाही. ज्या मैदानावर नुकती २९ माणसे मेली, तेथे खेळ पुढे चालू ठेवणे आपल्या मनाला पटत नाही, आणि ते न पटणे हे आपल्या मनाचे वैगुण्य नव्हे. त्या गर्दीत कुणाचा भाऊ, कुणाचे मूल होते. त्या माणसांना वरच्या गडगडाटात शौर्य ऐकू आले असेल, असे मला वाटत नाही.

दुसरी बाजूही लटकी नाही. त्या क्षणी सगळ्यांच्या मनात एकच भीती बसली असणार: हा वेगच माणसाला खातो. पुढे हंटरमध्ये बसणारी तरुण मुलेही हे पाहत होती. डेरी ड्यूकच्याच धंद्यातला होता. आपण आता मागे फिरलो, तर भीती खरी ठरेल. आणि वर गेलो, तर निदान एवढे सिद्ध होईल की दोष एका विमानात आहे, उड्डाणात नाही. सैनिक पडला तरी तुकडी थांबत नाही, हा युद्धातला संस्कारही त्याच्या अंगी मुरलेला होता.

दोन्ही बाजू मांडून झाल्यावरही माझे मन त्या उड्डाणापाशी रमत नाही. ते धाडस होते, हे मी मान्य करतो. पण ते अजून युद्धाच्याच जातीचे धाडस होते: भीतीला दाखवून दिलेले, लोकांनी पाहिलेले, पत्राने गौरवलेले. खरे चाचणी-वैमानिकाचे काम त्या दिवसानंतर सुरू झाले, आणि ते कुणी टाळ्या वाजवून पाहिले नाही. विमान का फुटले याचा शोध झाला. वळण आणि गिरकी एकाच वेळी घेताना त्याच्या पंखांवर पडणारा ताण ते पेलू शकत नव्हते, असे आढळले. पुढच्या विमानांची बांधणी बळकट केली गेली. प्रेक्षक आणि उडणारी विमाने यांच्यातले अंतर वाढवणारे नियम आले. त्या ३१ जणांना खरी श्रद्धांजली वाहिली ती या रुक्ष कागदांनी.

ड्यूकच्या आयुष्यातलाच दुसरा प्रसंग घ्या. तो फारसा कुणी सांगत नाही. १९५५ च्या ऑगस्टमध्ये तोफांची चाचणी घेत असताना हंटरच्या इंजिनाने दगा दिला. खाली समुद्र होता. आसनासकट बाहेर फेकून घेण्याची सोय विमानात होती. तसे केले असते तर कुणी त्याला भित्रा म्हटले नसते. परंतु विमान समुद्रात गेले असते, तर इंजिनाचे दुखणेही त्याच्याबरोबर बुडाले असते. त्याने ते विमान धावपट्टीवर उतरवले. दोन-तीन दिवसांनी तेच इंजिन पुन्हा बिघडले, आणि या वेळी उतरताना त्याच्या पाठीचा कणा मोडला. पुढच्या वर्षी त्याने हे काम सोडले. कुणी या प्रसंगाचा आकडा ठेवला नाही. ठेवणार तरी कसा? जी मुले त्यामुळे पुढे वाचली, त्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. त्यांची त्यांनासुद्धा नाहीत.

मला वाटते, दोन शौर्यांतला फरक येथे आहे. एक्क्याचे शौर्य पडलेल्या विमानांनी मोजले जाते, चाचणी-वैमानिकाचे न पडलेल्या विमानांनी. पहिल्याला शत्रू लागतो. दुसऱ्याला सत्य लागते. 'यंत्र उत्तम आहे' असे ऐकायला मालक, सरकार, वर्तमानपत्रे सगळी उत्सुक असतात. अशा वेळी खाली उतरून 'यात हा दोष आहे' असे लिहून देणे, हेच त्याचे खरे रणांगण.

शत्रू तर काळाबरोबर बदलतही असतो. १९४४ मध्ये इटलीवर ड्यूकने जी जर्मन फोक-वुल्फ विमाने पाडली, त्यांचा जनक कुर्ट टांक १९५६ मध्ये आपल्या बंगळूरला आला आणि त्याने 'मरुत' हे विमान घडवले. ड्यूकने पारखलेली हंटर विमानेही १९५७ पासून भारतात येऊ लागली. 'बॉर्डर' चित्रपटामुळे लोंगेवालाची लढाई घराघरात पोहोचली. १९७१ च्या डिसेंबरात त्या वाळवंटावर झेपावली ती हंटरच. आणि त्याच राजस्थान आघाडीवर मरुतही लढली. एकेकाळच्या वैऱ्यांची विमाने एकाच तिरंगी चक्राखाली! कुणी कुणाची किती पाडली, हा हिशेब शिळा झाला होता. पारखून घेतलेले यंत्र मात्र ताजे होते. मरुतचे पहिले उड्डाण १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी केले होते. १० जानेवारी १९७० रोजी त्याच विमानाच्या सुधारित नमुन्याची चाचणी घेताना ते गेले. पुढच्या वर्षी जे तरुण मरुत घेऊन लढले, त्यांच्यामागे ही किंमत भरलेली होती.

आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातूनही लढाऊ विमाने बाहेर पडतात, आणि हवाई दलाच्या हाती जाण्यापूर्वी प्रत्येकात कुणीतरी आधी बसून येतो. गोरेगावात गच्चीवर आकाशकंदील लावताना सांताक्रूझकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. त्यांतल्या प्रत्येक जातीच्या विमानात कधीतरी कुणी पहिला बसला होता. इतके दूर जायलाही नको. याच गोरेगावच्या आरे कॉलनीतले दूध काचेच्या बाटल्यांतून मुंबईभर जाई, तेव्हा बाटली भरण्यापूर्वी ते तपासले जाई. त्या तपासनिसाचे नाव आपण कधी विचारले होते? बाळाला दूध पाजण्यापूर्वी आई दोन थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहते. दिवाळीत नव्या भुईनळ्याला पहिली वात बाप लावतो आणि मुलांना चार पावले मागे सरकवतो. यांतले कुणीही स्वतःला शूर समजत नाही. पण जात तीच: जे दुसऱ्याच्या वाट्याला येणार, ते आधी आपल्या अंगावर घेऊन पाहायचे, आणि जे दिसले ते खरे सांगायचे.

अशा शौर्याचे पोवाडे होणार नाहीत, कारण पोवाड्याला काहीतरी घडावे लागते. येथे सारी कमाई न घडलेल्या गोष्टींची असते. निदान घरातल्या मुलांना 'शूर कोण?' हे सांगताना आपण ती दुसरी यादीही त्यांना सांगावी.

नेव्हिल ड्यूक अखेरपर्यंत उडत राहिला. २००७ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, तो पत्नीला घेऊन आपल्या छोट्या विमानातून निघाला होता. वाटेत त्याला अस्वस्थ वाटू लागले. त्याने विमान सुखरूप उतरवले, पत्नी सुखरूप उतरली, आणि मग तो कोसळला. त्याच दिवशी तो गेला.