करमुक्त, पण सत्यमुक्त नव्हे

"ज्या पैशावर सरकार कर घेत नाही, तो सरकारला सांगावयाचा तरी कशाला?" विवरणपत्रे भरण्याचे दिवस आले, की हा प्रश्न माझ्या डिचोलीच्या कचेरीत कोणी ना कोणी विचारतोच. प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याच्या पोटी नीतीचा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम कायदा पाहू. १९६१ चा आयकर कायदा गोव्यास १ एप्रिल १९६३ पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमाने नोकरदारांच्या काही भत्त्यांस सूट दिली, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही घरभाडे भत्त्याची सूट राहिली आहे. मात्र जुनी करपद्धती पत्करणारासच ती मिळते. मिळालेला भत्ता, पगाराचा दहावा हिस्सा वगळून उरलेले भाडे, आणि गोव्यात पगाराचे शेकडा ४०, या तिहींत जे कमी ते करमुक्त. येथे पगार म्हणजे मुख्यतः मूळ वेतन. विवरणपत्रात मात्र प्रथम एकूण पगार मांडावा लागतो. सुटीचे भत्ते त्यातून मागाहून वजा होतात. सूट कराची आहे, सांगण्याची नव्हे.

आपल्या देवस्थानांत याहून निराळे काय चालते? कोणी भक्ताने अन्नसंतर्पणासाठी दिलेली रक्कम त्याच दिवशी खर्ची पडली, तरी ती आधी जमेस लिहिली जाते. १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने महाजनांच्या कारभारास शिस्त घातली, तीत हिशेबास मोठे स्थान आहे. "उरले काहीच नाही, मग लिहू कशाला?" असे खजिनदार म्हणाला, तर महाजन ते ऐकून घेतील काय?

परंतु याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. काही वर्षांपूर्वी पेडणे महालातील एक तरुण नोकरदार माझ्याकडे आला. राहत होता वडिलांच्याच घरी. भाडे म्हणून एक पैही देत नव्हता. घरभाडे भत्ता मात्र करमुक्त दाखवावयाचा होता, आणि त्यासाठी वडिलांच्या सहीच्या पावत्या हव्या होत्या. "वकीलसाहेब, सगळेच असे करतात," तो म्हणाला. मी सांगितले, "वडिलांस भाडे देण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र ते खरोखर दिले पाहिजे, आणि वडिलांनी ते आपल्या उत्पन्नात दाखविले पाहिजे." आपल्या गोव्यात तर, पतिपत्नींची मालमत्ता समाईक असेल तेथे, असे भाडे आईवडिलांच्या नावे निम्मे-निम्मे धरावे लागते, पगार तेवढा ज्याचा त्याच्याकडे राहतो.

तो पावत्या घेऊन घरी गेला. वडिलांनी अनेक वर्षे देवस्थानाचा जमाखर्च लिहिला होता. त्यांनी पावती वाचली आणि विचारले, "बाळ, हे पैसे तू मला केव्हा दिलेस?" मुलाजवळ उत्तर नव्हते. पावत्या कोऱ्याच परत आल्या. तो भत्ता त्या वर्षी करपात्र म्हणून दाखविला गेला, आणि कर भरताना त्या तरुणाचा चेहरा काही प्रसन्न नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेने राज्याचे काय बुडणार होते? काहीच नाही. मोठमोठे कर बुडवून उजळ माथ्याने हिंडणारे आपण पाहतो, तेव्हा पगारदाराच्या मनात कडवटपणा यावा, हेही स्वाभाविक आहे. परंतु येथे प्रश्न राज्याच्या तिजोरीचा नव्हताच. थोडक्या रुपयांसाठी पुत्राने पित्याकडे एक असत्य मागितले होते, आणि तेही अशा हाताकडून, ज्याने देवाच्या वहीत कधी खोटी ओळ लिहिली नव्हती.

सवलत ही विश्वासाने दिलेली वस्तू आहे. कायदा म्हणतो, खरे सांग, मी तुला सोडतो. जो सुटीचे सांगत नाही आणि जो नसलेले सांगतो, ते दोघेही त्या विश्वासालाच तडा देतात; पहिला बहुधा अज्ञानाने, दुसरा जाणूनबुजून. म्हणून विवरणपत्राखाली सही करण्यापूर्वी प्रत्येकाने त्या वृद्ध खजिनदाराचा प्रश्न स्वतःस एकदा विचारावा: हे पैसे केव्हा दिलेस?