मंडईची सकाळ

पुण्याच्या मंडईत सकाळी साडेसहाला पिशवी घेऊन शिरण्याचा माझा परिपाठ पन्नास वर्षांचा आहे. आणि त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या परिसरात, ओल्या गोणपाटावर रचलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांवर भाजीवाल्या बाई पाण्याचा हबका मारतात, तेव्हा उठणाऱ्या हिरव्या गंधाने चित्त जसे प्रसन्न होते, तसे ते कोणत्याही औषधाने होत नाही, असा माझा (डॉक्टरांना सर्वस्वी नामंजूर) अनुभव आहे. मंडईची ही इमारत १८८६ साली रे मार्केट या नावाने खुली झाली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा म्हणून, तिच्यावरील खर्चास हरकत घेतली होती. आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूस जोतीरावांचे नाव लाभले, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते, कारण हरकतदाराचा असा सन्मान सरकारी दप्तरांत क्वचितच आढळेल. काल रिवाजाप्रमाणे मी भावाची हुज्जत घातली. "आजोबा, दोन रुपयांसाठी किती बोलता!" असे म्हणत बाईंनी आल्याचा तुकडा आणि कढीलिंबाचा टाळा न मागताच पिशवीत टाकला.