मागण्याचा धर्म

मागणे ही क्रिया वरकरणी साधी आहे. ज्याला उणे आहे त्याने मागावे, ज्याच्यापाशी आहे त्याने द्यावे, एवढ्यावर हा व्यवहार चालतो असे आपण समजतो. परंतु मागितलेली वस्तू सर्वांच्या सामायिक वापरातली असेल आणि एकदा दिल्यावर ती पुन्हा कधीच काढून घेता येणार नसेल, तर हा व्यवहार नीतीचा प्रश्न बनतो. मग केवळ गरज खरी असणे मागणाऱ्याला पुरेसे आहे काय? आणि कोणी मागितले नाही म्हणून कोणाला उणेही नाही, असे देणाऱ्याने धरून चालावे काय? हे दोन प्रश्न आम्ही येथे वरवर रुक्ष भासणाऱ्या एका आधुनिक उदाहरणावर तपासून पाहणार आहोत.

महाजालावरील पाने ज्या आज्ञाभाषेमुळे हलतीबोलती होतात तिचे नाव जावास्क्रिप्ट. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत तिचे पहिले रूप सिद्ध केले. तीस वर्षांनंतर तिचा मालक असा कोणी एक नाही. तिच्यात काय नवे यावे हे एक्मा या प्रमाणीकरण संस्थेची टीसी-३९ नावाची समिती ठरवते. कल्पना कोणीही मांडावी; मात्र ती पुढे नेण्यास समितीतला कोणी सभासद उभा राहावा लागतो. प्रारंभीच्या पायरीवर 'मला हे द्या' एवढे म्हणून भागत नाही. अडचण नेमकी कोणती, हे सांगावे लागते. अखेरीस निर्णय मतमोजणीने नव्हे, सर्वसंमतीने होतो.

आता आपली अडचण पाहू. 'ज्ञानेश्वर' या शब्दात अक्षरे किती, असे शाळकरी मुलाला विचारले तर ते चार सांगेल : ज्ञा, ने, श्व, र. जावास्क्रिप्टला विचारले तर ती दहा सांगते. ती खोटे बोलत नाही. युनिकोड या जागतिक संकेतव्यवस्थेत व्यंजन, हलन्ताचे चिन्ह आणि मात्रा यांना वेगवेगळे क्रमांक आहेत, आणि ती ते क्रमांक मोजते. परंतु ज्याला ओवीची अक्षरे मोजायची आहेत, त्याला हे उत्तर निरुपयोगी आहे. क्रम लावण्याचेही तसेच. केवळ संकेतक्रमांकावरून शब्द लावले तर 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये जाऊन बसतो. आपल्या अंकलिपीत मात्र तो 'ह'च्या पुढे, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्या सोबत असतो.

मग सरळ मागणी करावी, की दहाऐवजी चार हेच उत्तर मिळावे! गरज खरी आहे, मागणीही न्याय्य दिसते. तरीही ती मान्य होऊ नये, असे आम्हांस वाटते. कारण त्या दहाच्या भरवशावर जगभर असंख्य पाने उभी आहेत. त्यांतील कित्येकांचे कर्ते आज त्यांच्याकडे फिरकतही नाहीत, काही हयातही नसतील. मोजण्याची रीत एका रात्रीत बदलली तर ती पाने मोडतील आणि ती पुन्हा उभी करायला कोणी येणार नाही. म्हणून या समितीने एक व्रत पाळले आहे : जुने मोडायचे नाही, नवे शेजारी उभे करायचे. मजकूर वाचकाच्या दृष्टीने अक्षरशः वेगळा करून देणारी 'सेगमेंटर' ही सोय अशीच जुन्याच्या शेजारी आली. २०२२ साली ती प्रमाणात समाविष्ट झाली आणि २०२४ साली सर्व प्रमुख न्याहाळकांत पोहोचली.

हे व्रत किती कडक आहे, ते एका नावाच्या गोष्टीवरून कळते. एका मजकुरात दुसरा मजकूर आहे की नाही हे सांगणाऱ्या सोयीला प्रथम 'कंटेन्स' असे नाव योजले होते. परंतु मूटूल्स नावाच्या जुन्या आज्ञासंग्रहाने त्याच नावाची, किंचित निराळ्या वर्तनाची सोय आधीच वापरात आणली होती, आणि नव्या नावामुळे तिच्यावर विसंबलेली पाने बिघडू लागली. अखेर २०१५ च्या आवृत्तीत ती सोय 'इन्क्लूड्स' या नावाने आली. अधिक शोभणारे नाव सोडले, पण अनोळखी माणसांचे घर मोडले नाही. यात आम्हांस एक सभ्यता दिसते.

तथापि ही झाली एक बाजू. सर्वसंमती हा शब्द गोड आहे. पण संमती कोणाची? जे बैठकीत आहेत त्यांची. तेथे बसणारे बहुतांशी मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी असतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरी जोडाक्षर हे वाचकाच्या दृष्टीने एकच अक्षर आहे, ते मधोमध तोडू नये, हा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत आला तो २०२३ साली. तोवर 'ज्ञानेश्वर'ची अक्षरे त्या नियमानुसार सहा होत. जावास्क्रिप्टची नवी सोयही अशाच अक्षरविभागणीच्या नियमांवर चालते. या बत्तीस वर्षांत कोणाचा दुष्टावा नव्हता. ज्यांना त्रास होता त्यांना तो कोणाकडे सांगायचा हे ठाऊक नव्हते; कित्येकांना तर संगणक असाच असतो, असे वाटत होते. मागण्यांची संख्या हे गरजेचे माप नव्हे. मुक्याचे मौन हे समाधान समजणे हा देणाऱ्याच्या बाजूचा अधर्म आहे.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्या गावात आपली भाषा बहुसंख्यांची नाही तेथे पाटी, अर्ज आणि शाळा यांबाबत काय मागावे, किती मागावे, आणि शेजाऱ्याच्या भाषेला धक्का न लावता कसे मागावे, हा आपला रोजचा अभ्यास आहे.

मागणी मान्य झाली म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. 'ॲ' हे अक्षर पूर्वी संगणकावर 'अ'वर अर्धचंद्र देऊन लिहिले जाई. २००८ साली मराठीच्या गरजेसाठी त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. गोष्ट आनंदाचीच होती. परंतु जुन्या रीतीने लिहिलेला मजकूर जागेवरच राहिला. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द आहेत. विशेष तजवीज केली नसेल तर एका रीतीने 'ॲसिड' शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीने लिहिलेले 'ॲसिड' सापडत नाही. दान खरे होते, आणि त्याची किंमतही खरी आहे. ती आपल्याच लेखनाने मोजली.

यावरून मागण्याचा धर्म काहीसा स्पष्ट होतो. मागणाऱ्याने आपली गरज सांगावी, परंतु आपल्याला सुचलेला उपाय हाच एकमेव, असा हट्ट धरू नये. ज्यांना विचारले गेले नाही, तरी ज्यांना परिणाम सोसावे लागतील, त्यांचा विचार मागण्यापूर्वी करावा. आणि हात पसरण्याआधी आपल्या वाट्याचे काम केलेले असावे. ज्ञानदेवांचे पसायदान ग्रंथाच्या आरंभी येत नाही, सिद्धीनंतर येते. आणि ते स्वतःपुरते नसते. मागण्याचा याहून उंच आदर्श आपल्या भाषेत आम्हांस दिसत नाही.

आपल्या वाट्याचे काम कोणते, हेही उघड आहे. देवनागरी एक असली तरी तिच्यातून लिहिणाऱ्या भाषांचे संकेत एक नाहीत. हिंदी कोशात 'क्ष'चे शब्द 'क'खाली मिळतात, आपण त्याला वर्णमालेच्या शेवटी बसवतो. आपला क्रम कोणता, आपले अक्षर कोठे संपते, कोणते दोन लेखनप्रकार एकच मानावेत, हे दुसरा कोणी सांगू शकणार नाही. अभियंता आज्ञा लिहील. पण काय बरोबर, हे भाषा जाणणाऱ्यानेच सांगायचे आहे. आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी हे आपल्यात ठरवून, उदाहरणांसह लिहून ठेवले नाही, तर उद्या कोणी आपुलकीने विचारले तरी आपल्यापाशी तक्रार असेल, मागणी नसेल.