पाटी

देवळ्यात कळवणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून नानांचं घर आहे. घराला बाहेरच्या अंगानं दगडी ओटा. नानांच्या वडिलांनी तो बांधला तेव्हा ओटा घराचा की रस्त्याचा, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली माणसं मालेगावमार्गे येत. देवळा येईपर्यंत पायांना फोड आलेले असत. नानांची आई दारातूनच हाक मारायची, ‘आठे बठा जराखं,’ आणि लहानग्या नानांच्या हातात तांब्या द्यायची.

आई गेली, रहदारी वाढली. ओट्यावर केळीची सालं, चहाचे कागदी पेले, गुटख्याच्या पुड्या. एका सकाळी कुणीतरी तिथंच ओकून गेलं आणि नानांचं डोकं सणकलं. त्यांनी पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली : ‘येथे बसू नये. हुकमावरून.’

‘कुणाच्या हो हुकमावरून?’ माईंनी विचारलं.

‘माझ्या.’

खरं सांगायचं तर नानांच्या जागी मी असतो तरी पाटी लावली असती. रोज झाडू मारणाऱ्यालाच ते दुखणं कळतं.

त्याच वर्षी उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला आणि मुलानं दोघांना युरोपच्या सहलीला धाडलं. पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे बरं झालं, त्याबद्दल नाना फारसं बोलत नाहीत. बोलतात ते रोमबद्दल. तिथं सगळं शहर एका दिवसात उरकायचं होतं. नानांनी डायरीत अकरा ठिकाणं लिहून ठेवली होती आणि एकेकावर पेनानं खूण करत चालले होते. पैसे मोजलेत, तर एकही ठिकाण सुटता कामा नये, हा हिशोब.

सकाळी व्हॅटिकनचं संग्रहालय. तिथली दालनं सरळ एका रेषेत मांडली तर सात किलोमीटर होतील, असं सहलीबरोबरच्या पोरानं सांगितलं. आपल्याकडे एवढ्यात दुसरं गाव येतं. पुढच्याच्या पाठीला नाक लावून माणसं सरकत होती. शेवटी सिस्टीन चॅपेल. मायकेलँजेलोनं १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं माना वर करकरून रंगवलेलं ते छत नानांनी चार मिनिटं मान वर करून पाहिलं. मानेत लचक भरली. खूण केली. मग सेंट पीटर, मग डोक्यावर ऊन घेऊन कोलोसियम. माईंनी पातळाखाली नवे कोरे बूट घातले होते. दुपारी एकलाच उजवी टाच सोलली गेली होती, पण त्या काही बोलल्या नाहीत. बोलून काय उपयोग, यादी कुठं थांबत होती?

ट्रेव्हीच्या कारंजाशी गर्दी इतकी, की पाणी दिसण्याआधी मोबाइल दिसले. उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणे. नानांनी नाणं खिशात ठेवलं. पण त्या पोरानं पाण्याची गोष्ट काढली आणि नाना दिवसात पहिल्यांदा जागे झाले. इसवी सनापूर्वी १९ साली अग्रिपा नावाच्या सरदारानं हे पाणी शहरात आणलं. कोसकोस लांबून, बहुतेक जमिनीखालून. तहानलेल्या शिपायांना एका मुलीनं झरा दाखवला, अशी कथा आहे आणि कारंजाच्या वर, उजवीकडे दगडात ती मुलगी कोरलेलीही आहे.

‘उपसायला काय होतं?’ नानांनी विचारलं.

‘काही नाही काका. नुसता उतार.’

नाना गिरणा-मोसमच्या खोऱ्यातले. नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि उतारावर पाणी फडाफडातून फिरवायचं, हे त्या खोऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या केलं. पाटाला बोटभर उतार चुकला तर पाणी रुसतं, हे नानांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पुढे स्पॅनिश पायऱ्यांशी दुसरं कारंजं लागलं, बुडत्या होडीच्या आकाराचं. ते जमिनीच्या पातळीखाली का, तर त्याच पाण्याला तिथं जोर कमी पडतो, उंच चढत नाही. नाना त्या होडीपाशी रेंगाळले. अकरा ठिकाणांत एवढ्या एका गोष्टीसाठी ते आपणहून थांबले.

माईंना मात्र आता उभं राहवेना. समोर एवढ्या रुंद, स्वच्छ, संगमरवरासारख्या पायऱ्या. पायऱ्या म्हटल्या की माणूस बसतोच. दोघं दुसऱ्या पायरीवर टेकले. माईंनी बूट काढला, पायमोजा टाचेला चिकटला होता. तो सोडवताहेत तोवर शिट्टी वाजली.

पोलीस त्यांच्याकडेच बोट दाखवत होता. आधी नानांना वाटलं, मागं कुणी चोर असेल. मग सहलीचा पोरगा धावत आला. २०१९ पासून या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, दंड ४०० युरोपर्यंत जातो. नानांनी मनात गुणाकार केला, एक ट्रॅक्टर कांदा.

‘पण हिच्या पायाला...’ ते मराठीत म्हणाले. पोलिसानं पुन्हा शिट्टी वाजवली.

माई एका पायात बूट आणि एक हातात घेऊन उठल्या. ‘चला उठा,’ त्या म्हणाल्या, ‘हुकमावरून.’

नाना त्यावर काही बोलले नाहीत. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पुढं बराच वेळ सुपारी कातरत बसले.

बाकीची मंडळी पुढच्या ठिकाणी गेली. हे दोघं मागच्या एका गल्लीत शिरले. कोपऱ्यावर लोखंडी खांब, त्याला वाकडी नळी आणि नळीतून अखंड पाणी. रोमभर असे खांब आहेत, १८७४ पासून. तिथले लोक त्यांना ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. नानांना आधी रागच आला. तोटी नाही, चावी नाही, एवढ्या पाण्यात वाफा भिजला असता. पाणी प्यायला ते वाकायला लागले तर पाठ वाकेना.

शेजारी चपला दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं छोटं दुकान होतं. तो उठून आला, नळीच्या तोंडावर बोट दाबलं, आणि नळीच्या पाठीवरच्या बारक्या भोकातून पाण्याची धार वर उसळली, थेट तोंडाशी. नाना पोरासारखे हसले. म्हाताऱ्यानं माईंच्या पायाकडे पाहिलं. आत गेला, आपलं बसायचं स्टूल उचलून आणलं, फुटपाथवर ठेवलं, एप्रनच्या टोकानं पुसलं.

‘प्रेगो,’ तो म्हणाला.

‘काय म्हणतोय?’ नानांनी विचारलं.

‘आठे बठा म्हणतोय,’ माई म्हणाल्या आणि बसल्या.

अर्धा तास तिथं गेला. म्हातारा टाचा ठोकत होता, माई थंड पाण्यात पाय धरून बसल्या होत्या, नाना उभ्याउभ्या बोट दाबून धार उडवून बघत होते. यादीतली तीन ठिकाणं राहिली. डायरी अजून त्यांच्या कपाटात आहे, तीन ओळी बिनखुणेच्या.

घरी आल्यावर लगेच काही झालं असं मात्र नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पाटी होती तिथंच होती. माईंनीही विषय काढला नाही. चैत्र तोंडावर आला तेव्हा एका सकाळी नानांनी पक्कड घेतली. ओट्याच्या कडेला कचऱ्यासाठी रिकामा पिंप ठेवला, वाळूत बसवून दोन रांजण भरले. एका रांजणाला लाकडी झाकण होतं. दुसऱ्याला मापाचं मिळेना, म्हणून पाटीच पालथी घातली.

पहिला जथा दुपारी आला. भगवे झेंडे भिंतीला टेकले, माणसं ओट्यावर पसरली. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीनं पत्रा उचलला, आतल्या बाजूची लाल अक्षरं एकेक लावून वाचली आणि नानांकडे वळून विचारलं, ‘बाबा, रांजणात कोण बसतं?’