पावसातील शेकोटी
(प्रेषितांची कृत्ये २८ : १-३)

उत्तरेचे थंड वारे व समुद्रावरील बाष्प यांची गाठ पडली म्हणजे आपल्या प्रांतात ऐन हिवाळ्यातही मेघ गर्जतात. सन २०२४ च्या डिसेंबरात नाताळ होताच वेधशाळेने पावसाचा व गारांचा इशारा दिला होता. अशा पावसाने बोंडांतील कापूस भिजतो, काढलेली तूर काळी पडते, आणि आम्ही विचारतो, देवाने सणातच हे का पाठविले?

आपण मिलिता बेटाकडे पाहू या. तारू फुटून पौलासह २७६ जण तेथे किनाऱ्यास लागले. पाऊस होता व थंडीही होती. ख्रिस्ताची वार्ता त्या बेटकऱ्यांच्या कानी गेली नव्हती. तथापि त्यांनी शेकोटी पेटवून सर्वांस जवळ घेतले. आणि पौल? पाऊस का आला हे विचारीत न बसता तो काटक्या गोळा करू लागला. उपदेशकहो, प्रेषिताचे हे काम हलके समजू नका.

या दिवसांत ऊसतोडीस आलेली कुटुंबे शिवारात पाचटाच्या कोप्यांत राहतात. कोपीत पाणी शिरले म्हणजे त्यांची लेकरे कोठे निजतील? मंदिरास पताका अवश्य लावाव्या. परंतु कोरडे सरपणही राखावे, आणि रात्री दार उघडे असावे. ज्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याचाच हा सण आहे. बेटकऱ्यांनी जे केले, त्याहून आम्ही उणे करावे काय? प्रभू आम्हांस तशी बुद्धी देवो. आमेन.