कार्यशाळेतला अग्नी आणि तितिक्षा

शीत आणि उष्ण ही येणारी आणि जाणारी द्वंद्वे आहेत, ती सहन कर, म्हणजेच तितिक्षा बाळग, असा उपदेश श्रीकृष्णाने गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला केला आहे. आणि ज्या मराठी घरांत तो लहानपणापासून कानांवर पडतो, अशा एखाद्या घरातून निघून अमेरिकेतील मिनेसोटा किंवा मिशिगन राज्यात स्थायिक झालेल्या गृहस्थाने घराला लागून असलेल्या गॅरेजात रंधा, पटाशी आणि करवत मांडून सुतारकामाचा व्यासंग आरंभिला, तर जानेवारीत पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत उतरल्यावर त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता एका हीटरच्या खरेदीचा दिसत असला तरी मुळात धर्मविचाराचा आहे. थंडी सोसावी की तिचा प्रतिकार करावा, आणि करायचाच तर कोणाच्या जिवावर, हे ठरल्यावाचून बाजारातली कोणतीही वस्तू निवडता येणार नाही.

यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर तो उपदेश कोणाला आणि कशासाठी केला गेला हे ध्यानात घेतले पाहिजे. हातातले धनुष्य खाली ठेवून कर्तव्यापासून परावृत्त होऊ पाहणाऱ्या पुरुषाला तो केलेला आहे आणि त्याचा हेतू कर्म थांबू नये हा आहे. म्हणून ज्या थंडीने कर्मच थांबते, ती थंडी निमूटपणे सोसत बसणे म्हणजे तितिक्षा, असे मला वाटत नाही. दोन फळ्यांच्या कडा रंध्याने सरळ करून, त्यांना सुतारकामाचा पिवळा सरस लावून त्या क्लॅम्पमध्ये आवळल्या, आणि खोलीतले तापमान साधारण 10 अंश सेल्सियसच्या खाली राहिले, तर तो सरस नीट न धरता खडूसारखा पांढरा पडतो आणि सांधा कच्चा राहतो. मनाचा निग्रह कितीही दृढ असला तरी जड द्रव्याला तो उपयोगी पडत नाही. बधिर झालेल्या बोटांना पटाशीची धार कळत नाही, आणि फिरत्या करवतीजवळ असा हात नेणाऱ्याला धीरोदात्त म्हणण्यास मी तयार नाही.

परंतु गरजेपोटी अग्नी पेटवणे आणि केवळ सुखासाठी तो पेटवणे यांत भेद आहे, आणि त्या भेदाचा जितका सूक्ष्म विचार बौद्ध भिक्षुसंघाने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. धर्मानंद कोसंबींनी संघाच्या आचारनियमांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. ते स्वतः 1910 साली ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले होते, तेव्हा मॅसॅच्युसेट्सची थंडी त्यांनी प्रत्यक्ष अनुभवली असणार. हे आचारनियम सांगणाऱ्या विनयपिटकातील पाचित्तिय नावाच्या नियमांपैकी 56 वा नियम असा की, जो आजारी नाही अशा भिक्षूने शेकण्यासाठी अग्नी पेटवू नये किंवा दुसऱ्याकडून पेटवून घेऊ नये. त्याची कथा भग्ग देशातील सुंसुमारगिरीजवळच्या भेसकळावनातली आहे. थंडीच्या दिवसांत काही भिक्षूंनी एक पोकळ ओंडका पेटवला, त्याच्या ढोलीत असलेला काळा साप तापून बाहेर पडला आणि भिक्षूंच्या अंगावर आला. ते दाही दिशांना पळत सुटले, इतर भिक्षूंनी नावे ठेवली, आणि मनाईचा हुकूम झाला. मात्र तो हुकूम जसाच्या तसा राहिला नाही. आजाऱ्यांना मुभा मिळाली, दिव्यासाठी मिळाली, योग्य कारण असेल तेथे मिळाली. आणि जीवक वैद्याच्या विनंतीवरून भिक्षूंच्या आरोग्यासाठी जंताघर, म्हणजे अग्नीने तापवलेली स्नानशाळा, बांधण्याची अनुज्ञाही देण्यात आली. त्या जंताघराविषयीचे तपशील मला फार मोलाचे वाटतात. खोली लहान असेल तर अग्निस्थान एका बाजूला असावे, मोठी असेल तर मध्यभागी असावे, आणि धूर बाहेर जाण्यासाठी नळी असावी, अशी तजवीज सर्वसंगपरित्याग केलेल्या लोकांसाठी घालून दिलेली आहे. देहाचे लाड करू नयेत हे ज्यांना सर्वांत जास्त कळत होते, त्यांनी देहाचा श्वास कोंडला जाऊ नये याचाही बंदोबस्त केला.

माझ्या मते हीटर निवडण्याचा सारा विवेक त्या धुराच्या नळीत साठवलेला आहे. धुराडे नसलेले प्रोपेनचे किंवा रॉकेलचे हीटर स्वस्त असतात, लवकर तापतात, आणि म्हणूनच पुष्कळ घरांत जातात. परंतु ते खोलीतलाच प्राणवायू खातात आणि ज्वलनातून जे जे उत्पन्न होते ते सगळे खोलीतच सोडतात. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते. ती थंडगार बिडाच्या यंत्रांवर दवासारखी साचून त्यांना गंज चढवते. हे नुकसान तरी डोळ्यांना दिसते. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या वार्ता हिवाळ्यात येत असतात, त्या याच वायूच्या. गॅरेजात काम करणारा जागा असतो, निदान डोके दुखू लागल्यावर दार उघडू शकतो; पण सामाईक भिंतीच्या पलीकडे किंवा वरच्या मजल्यावर निजलेल्या मुलाला किंवा वृद्ध आईला ती संधी नाही. स्वतः थंडी सोसणे हा आपला अधिकार असेल, परंतु आपल्या उबेचा धोका दुसऱ्याने सोसावा, असा अधिकार कोणत्याही शास्त्राने कोणाला दिलेला नाही.

मग घ्यावे काय? अगोदर दार, छप्पर आणि भिंती यांतून होणारी गळती थांबवावी, कारण निसटून जाणारी ऊब विकत घेत राहणे हा निव्वळ अपव्यय आहे. इंधनाचाच हीटर हवा असेल तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकारचा घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून अमेरिकेतील इमारतविषयक नियम गॅरेजातील ज्वलनाचे उपकरण अशा रीतीने बसवायला सांगतात की त्याची ठिणगी जमिनीपासून किमान 18 इंच वर राहील, आणि ही अट तसदी न समजता पाळावी. विजेचा हीटर निर्धूर खरा, पण तेथील साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हीटर 1500 वॅटच्या पलीकडे जात नाही आणि तेवढ्याने दोन मोटारींचे गॅरेज कडाक्याच्या थंडीत तापत नाही. त्यासाठी 240 व्होल्टच्या स्वतंत्र जोडणीवर चालणारा मोठा हीटर लागतो. जेथे भुशाची बारीक धूळ उडते तेथे लालबुंद उघडी तार असलेले यंत्र ठेवू नये. खोली दिवाणखान्यासारखी उबदार करण्याचे कारण नाही. सरस धरेल आणि बोटांना धार कळेल इतकी ऊब पुरे, तीही प्रत्यक्ष काम चालू असेल तेवढाच वेळ.

ज्या वाचकांचे मुलगे, मुली, भावंडे त्या थंड मुलखात राहतात, त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या पत्रात किंवा फोनवर त्यांनी एवढे अवश्य विचारावे: गॅरेजातल्या हीटरचा धूर घराबाहेर जातो ना, आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बसवलेली आहे ना? नसेल, तर हीटरच्या आधी ती घंटा आणावी.